एकाच कारखान्यातल्या दोन गाड्या: जीएमने फोनची जोडणी काढून टाकली त्याचं प्रकरण

मेक्सिकोच्या कोआविला राज्यात रामोस अरिस्पे नावाचं शहर आहे. तिथल्या जनरल मोटर्सच्या, म्हणजे जीएमच्या, कारखान्यातून २०२४ साली दोन इलेक्ट्रिक एसयूव्ही बाहेर पडत होत्या. एक जीएमच्याच शेव्हरोले या ब्रँडची ब्लेझर ईव्ही, दुसरी होंडा प्रोलॉग. स्वतःची मोठी इलेक्ट्रिक गाडी तयार होईपर्यंत होंडाने अमेरिकेच्या बाजारासाठी ही गाडी जीएमकडून बनवून घेतली होती. त्यामुळे खालचा सांगाडा एका घराण्यातला, बॅटरीही त्याच घराण्यातली, आणि डॅशबोर्डमागे दोघींतही गूगलची प्रणाली. सख्ख्या नव्हे, पण एकाच वाड्यात वाढलेल्या चुलतबहिणी म्हणा.

फरक बाहेरच्या पत्र्यात होता, आतल्या मांडणीत होता, आणि आणखी एका गोष्टीत होता. प्रोलॉगला आयफोन जोडला की ॲपल कारप्ले उघडायचं, अँड्रॉइड फोन जोडला की अँड्रॉइड ऑटो, म्हणजे फोनमधला नकाशा, गाणी, निरोप गाडीच्या स्क्रीनवर. ब्लेझरमध्ये यातलं काहीच नाही. ब्लूटूथवर फोन घ्या, गाणी ऐका, पण फोनचा चेहरा गाडीच्या स्क्रीनवर येणार नाही. गंमत म्हणजे ब्लेझरची स्क्रीन १७.७ इंचांची, प्रोलॉगची ११.३.

गिऱ्हाईक गाडी निवडताना फोनच्या जोडणीला किती किंमत देतं, हे कळायला यापेक्षा बरा प्रयोग मुद्दाम ठरवूनही कोणाला मांडता आला नसता. तरी तो वाटतो तितका स्वच्छ नाही, आणि म्हणूनच सविस्तर लिहितोय.

मला या प्रकरणात रस असण्याची दोन कारणं आहेत. पुण्यातल्या माणसाला जीएम आठवते ती तळेगावमुळे. २००८ पासून तिथे शेव्हरोले बनत होती. शेव्हरोलेची बीट गाडी घेतलेलं एखादं तरी घर प्रत्येकाच्या नात्यात असे. २०१७ च्या शेवटी जीएमने भारतातली विक्री बंद केली, तळेगावातून नुसती निर्यात चालू ठेवली, आणि डिसेंबर २०२० मध्ये तीही थांबवली. दुसरं कारण धंद्यातलं: मी काही वर्षं हेड युनिटच्या चाचणीत काढली आहेत. डॅशबोर्डवरच्या त्या पेटीला आम्ही हेड युनिट म्हणतो, लोक म्युझिक सिस्टीम म्हणतात आणि शोरूममधला मुलगा इन्फोटेनमेंट म्हणतो.

बातमी फुटली तो दिवस

३१ मार्च २०२३ ला रॉयटर्सने बातमी दिली की जीएम आपल्या येणाऱ्या इलेक्ट्रिक गाड्यांमधून कारप्ले आणि अँड्रॉइड ऑटो काढणार, आणि सुरुवात २०२४ च्या ब्लेझर ईव्हीपासून होणार. बदल्यात गाडीत गूगलचीच प्रणाली बसवलेली असेल. गूगल मॅप्स आणि गूगल असिस्टंट आठ वर्षं फुकट. गूगलशी जीएमचं काम २०१९ पासून चालू होतं, त्यामुळे हा निर्णय एका रात्रीत झालेला नव्हता. पेट्रोलच्या गाड्यांत कारप्ले राहणार होतं.

बातमीनंतर जो गदारोळ झाला त्याचं मला नवल वाटलं नाही. २०१४ च्या मार्चमध्ये जिनिव्हाच्या मोटर शोमध्ये ॲपलने कारप्ले या नावाने हा प्रकार जगापुढे आणला, त्याच वर्षी गूगलने अँड्रॉइड ऑटो जाहीर केलं. पुढच्या आठ-नऊ वर्षांत अमेरिकेत ही गोष्ट सीटबेल्टसारखी गृहीत धरली जाऊ लागली. बीएमडब्ल्यूने मध्ये कारप्लेसाठी वर्षाला ८० डॉलर लावून पाहिले आणि २०१९ च्या डिसेंबरात गुपचूप हात मागे घेतला. टोयोटाने बरीच वर्षं ताणून धरलं, शेवटी तीही आली. ॲपलने २०२२ मध्ये सांगितलेला आकडा असा की अमेरिकेतले ७९ टक्के ग्राहक कारप्ले असलेलीच गाडी विचारात घेतील. आपल्या मालाबद्दल मालकानेच दिलेला आकडा आहे, तेव्हा थोडं मीठ बाजूला काढून घ्या. पण मॅकिन्झी या सल्लागार कंपनीचं २०२३ चं सर्वेक्षणही त्याच दिशेचं होतं: जवळपास निम्मे ग्राहक म्हणाले की कारप्ले किंवा अँड्रॉइड ऑटो नसेल तर ती गाडी घेणारच नाही, आणि ज्यांच्याकडे ही सोय आहे त्यांतले ८५ टक्के गाडीच्या मूळ प्रणालीपेक्षा तीच पसंत करतात.

फोर्डचे प्रमुख जिम फार्ली यांनी संधी साधली. मे २०२३ मध्ये ते जाहीरपणे म्हणाले ते थोडक्यात असं: स्क्रीनवर काय दिसावं ही लढाई आम्ही मोटारवाले दहा वर्षांपूर्वीच हरलो आहोत, अमेरिकेतले आमचे ७० टक्के ग्राहक ॲपलवाले आहेत, त्यांना मी कुठल्या तोंडाने नाही म्हणू? फोर्डमध्ये कारप्ले राहणार हे कंपनीने सांगून टाकलं. शेजारच्या दुकानाने भाव वाढवला की आपल्या फळ्यावर जुनाच भाव ठळक लिहायचा, त्यातला हा प्रकार.

जीएमच्या बाजूने

या प्रकरणात जीएमला मूर्ख ठरवणं सोपं आहे, आणि बहुतेकांनी तेच केलं. मला ते पटत नाही. त्यांच्या तीन कारणांपैकी दोन खरी होती.

पहिलं इलेक्ट्रिक गाडीचं. फोनमधल्या नकाशाला सहसा गाडीची बॅटरी किती उरली आहे हे ठाऊक नसतं. गाडीतल्या नकाशाला असतं. तो सांगू शकतो की इतके मैल गेल्यावर अमुक चार्जरवर थांब, आणि तिथे पोचण्याआधीच बॅटरी गरम करायला घेऊ शकतो, म्हणजे फास्ट चार्जिंग खरोखर फास्ट होतं. काही मोजक्या गाड्यांशी ॲपलच्या नकाशाने हे जमवलं आहे, पण सरसकट नाही. थंडीत मिशिगनमध्ये प्रवास करणाऱ्याला हा फरक चांगलाच जाणवतो.

दुसरं कारण माझ्या जवळचं. कारप्ले किंवा अँड्रॉइड ऑटो चालू असताना गाडीत नेमकं काय घडतं? चित्र फोन काढतो. व्हिडिओसारखं ते गाडीकडे पाठवतो, गाडी ते फक्त दाखवते आणि तुमचं बोट कुठे टेकलं तेवढं फोनला उलट कळवते. त्या वेळी गाडीची स्क्रीन म्हणजे निव्वळ टीव्ही. बिनवायरी असेल तर आधी ब्लूटूथवर ओळख पटते, मग सगळी वाहतूक वायफायवर जाते. या साखळीत कुठेही कडी निखळली की स्क्रीन काळी. आणि काळी झाली की माणूस ॲपलला फोन करत नाही, शोरूमला करतो.

आमच्या लॅबमध्ये एका फळीवर तीसेक फोन कायम चार्जिंगला लावलेले असत. प्रत्येकाच्या पाठीवर पांढरी पट्टी, पट्टीवर मॉडेल आणि ओएसचा नंबर पेनने लिहिलेला. सकाळी आल्यावर पहिलं काम म्हणजे रात्रीतून कुठल्या फोनने आपणहून अपडेट घेतलं ते बघायचं, कारण काल पास झालेली टेस्ट आज फेल व्हायची आणि डिफेक्ट आमच्या नावावर चढायचा. वायर हा तर स्वतंत्र अध्याय. नुसती चार्जिंग करणारी, डेटा न नेणारी एखादी केबल कोणीतरी ड्रॉवरमध्ये टाकून ठेवायचं, आणि नवीन लागलेला मुलगा अर्धा दिवस लॉग काढत बसायचा. शेवटी कोणीतरी मागून म्हणायचं, ‘अरे, वायर बदलून बघ की.’ हा संवाद महिन्यातून एकदा तरी व्हायचाच.

तेव्हा फोनची जोडणी बेभरवशाची आहे असं जीएमचे लोक म्हणाले, तर त्यात खोटं काही नव्हतं. फक्त ते म्हणण्याची वेळ त्यांनी अशी निवडली की विचारू नका. १२ डिसेंबर २०२३ च्या सुमारास मोटरट्रेंड या मोटारींच्या मासिकात जीएमच्या इन्फोटेनमेंट विभागाचे टिम बॅबिट यांचं म्हणणं छापून आलं: जोडणी तुटते, चित्र नीट येत नाही, प्रतिसाद उशिरा मिळतो, मग चालक वैतागून फोन हातात घेतो, आणि ते धोक्याचं. सगळं गाडीच्याच प्रणालीत असेल तर फोन उचलावा लागणार नाही. याची प्रत्यक्ष चाचणी जीएमने अजून केलेली नाही, हेही त्याच लेखात होतं. पुढे कंपनीने सारवासारव केली, आमच्या म्हणण्याचा विपर्यास झाला म्हणून.

आणि मग दहा दिवसांनी, २२ डिसेंबरला, जीएमने ब्लेझर ईव्हीची विक्रीच थांबवली. कारण सॉफ्टवेअर. गाड्यांची परीक्षणं करणाऱ्या एडमंड्सने दीर्घ चाचणीसाठी विकत घेतलेल्या ब्लेझरने दोन महिन्यांत तेवीस दोषांची यादी दिली होती. इनसाइडईव्हीज या वेबसाइटच्या पत्रकाराची गाडी व्हर्जिनियाच्या ग्रामीण भागात चार्जिंगला लावल्यावर अडकून पडली. हीच ब्लेझर मोटरट्रेंडने २०२४ ची सर्वोत्तम एसयूव्ही म्हणून गौरवलेली. विक्री पुन्हा सुरू व्हायला ८ मार्च २०२४ उजाडला, आणि येताना किंमत मॉडेलनुसार ५,६२० ते ६,५२० डॉलरनी उतरवावी लागली.

फोनपेक्षा आमची प्रणाली भरवशाची, असं सांगून फोन काढला आणि त्याच आठवड्यांत प्रणाली कोलमडली. आपल्याकडे याला दात कोरून पोट भरायला गेला नि दातच पडला असं कोणी म्हटलं तर मी हसेन, पण हरकत घेणार नाही.

तिसरं कारण पैशाचं. ऑक्टोबर २०२१ मध्ये जीएमने गुंतवणूकदारांना सांगितलं होतं की सॉफ्टवेअर आणि सेवांमधून आत्ता वर्षाला साधारण दोन अब्ज डॉलर येतात, दशक संपता संपता ते २० ते २५ अब्जांवर नेऊ. आता बघा: गाडीत बसल्या बसल्या स्क्रीनवर कारप्ले आलं की ऑनस्टार या जीएमच्या वर्गणीच्या सेवेचं, तिच्या ॲपचं, तिच्या वर्गणीचं दुकान मागे झाकलं गेलं. रोजचा तासभर ग्राहक डोळ्यांसमोर आहे, पण काउंटर ॲपलचं. हे कोणत्या दुकानदाराला सहन होईल? हे कारण जीएमने फारसं पुढे केलं नाही, पुढे केली सुरक्षितता आणि चार्जिंग. ग्राहकांना मात्र पहिल्या दिवसापासून तिसरंच दिसलं.

आकडे काय म्हणतात

२०२४ मध्ये अमेरिकेत होंडा प्रोलॉग विकल्या गेल्या ३३,०१७. ब्लेझर ईव्ही २३,११५.

प्रोलॉग बाजारात आली तीच मार्चमध्ये, आणि ब्लेझरची विक्रीही मार्चमध्येच पुन्हा सुरू झाली. म्हणजे दोघींना वर्षाचे जवळपास सारखेच महिने मिळाले. किमतीही एकमेकींच्या आसपास. होंडाकडे इलेक्ट्रिक गाडी विकण्याचा अनुभव नगण्य, त्या डीलरांना तर नव्यानेच शिकायचं होतं. तरी जीएमच्याच कारखान्यातली गाडी जीएमच्या गाडीला दहा हजारांनी मागे टाकून गेली. ‘बघा, कारप्ले!’ असं म्हणून पुष्कळांनी हा विषय इथेच मिटवला.

मी मिटवणार नाही. होंडाने लीजवर भरमसाट सवलती दिल्या होत्या, महिन्याचा हप्ता अगदी खाली आणला होता. होंडा या नावाला अमेरिकेत पिढ्यांचा विश्वास आहे. ब्लेझर ईव्ही तर ‘ती बंद पडणारी’ अशी ओळख घेऊनच परतली होती. दहा हजारांतल्या किती गाड्या फोनमुळे, किती हप्त्यामुळे, किती बदनामीमुळे, हे वेगळं काढता येत नाही.

शिवाय त्याच कारखान्यातून तिसरी एक गाडी निघत होती, आणि तिने सगळं गणित विस्कटलं. शेव्हरोले इक्विनॉक्स ईव्ही. हिच्यातही कारप्ले नाही, स्क्रीन तीच १७.७ इंची. पण २०२५ च्या मॉडेलची सुरुवातीची किंमत साधारण ३५,००० डॉलर. २०२४ मध्ये उशिरा सुरुवात होऊनही ती २८,८७४ विकली गेली, २०२५ मध्ये पन्नास हजारांच्या पुढे गेली. टेस्ला वगळता अमेरिकेत सगळ्यात जास्त खपणारी इलेक्ट्रिक गाडी हीच ठरली, आणि जीएम इलेक्ट्रिक गाड्यांत टेस्लाखालोखाल दुसऱ्या क्रमांकावर गेली. मग ते ‘कारप्ले नसेल तर घेणारच नाही’ म्हणणारे निम्मे लोक कुठे गेले?

नोवायमधली टेस्ट ड्राइव्ह

याचं उत्तर मला एका टेस्ट ड्राइव्हच्या हकिगतीत सापडलं. माझा मामेभाऊ डेट्रॉइटजवळ नोवायला राहतो. त्या भागात मराठी माणसं भरपूर, त्यातली अर्धी मोटारींच्याच धंद्यात. २०२४ मध्ये दादा-वहिनी इलेक्ट्रिक गाडी बघायला निघाले. गाड्यांची नावं लिहीत नाही. एक फोन जोडणारी होती, एक न जोडणारी.

पहिल्या गाडीत वहिनीने बसल्या बसल्या फोन जोडला. दहा सेकंदांत स्क्रीनवर तिचा नकाशा, त्यात ‘घर’ नावाची खूण, खाली सकाळी अर्धवट राहिलेलं गाणं. विक्रेता मागच्या सीटवरून बॅटरीचं काहीतरी सांगत होता, ती ऐकतही नव्हती. तिच्या लेखी ती गाडी तेव्हाच निम्मी तिची झाली होती.

दुसऱ्या गाडीची स्क्रीन मोठी, चित्रं सुंदर. पण नकाशा कोरा, गाण्यांच्या ॲपमध्ये ‘साइन इन करा’. विक्रेता म्हणाला, गूगल अकाउंट टाका, सगळं येईल. वहिनी म्हणाली, ‘डेमोच्या गाडीत मी माझं अकाउंट टाकू? उद्या दुसरं कोणी बसलं की?’ विक्रेत्याकडे उत्तर नव्हतं. वीस मिनिटांची ती फेरी त्यांनी एका परक्या स्क्रीनसमोर काढली.

ही गोष्ट सर्वेक्षणात येत नाही. गाडीतच मुरवलेली प्रणाली, कितीही उत्तम असली, तरी तिची गोडी कळायला आठवडाभर वापरावी लागते. फोन जोडणाऱ्या गाडीची गोडी शोरूमच्या फाटकातच कळते. खरेदीच्या निर्णयावर त्या पहिल्या वीस मिनिटांचा वाटा किती असतो, हे गाड्या विकणाऱ्या कोणालाही विचारा.

तरीही दादाने घेतली दुसरीच. हप्ता कमी बसत होता. वहिनी महिनाभर धुसफुसली, आता सवय झाली आहे असं म्हणते. फक्त एसीच्या जाळीला एक क्लिप लावून तिने त्यात फोन अडकवला आहे. शेजारी भलीमोठी स्क्रीन, आणि नकाशा बघायला ती बघते त्या सहा इंचांत. चालकाने फोनकडे बघू नये म्हणून जोडणी काढली, हे जीएमच्या माणसाचं म्हणणं मला इथे हटकून आठवतं.

तेव्हा माझा अंदाज असा: फोनची जोडणी हा बहुतेकांच्या बाबतीत नकाराधिकार आहे, पण तो पैशाने फिरवता येतो. किमती बरोबरीच्या असल्या की तो पूर्ण चालतो. ब्लेझर-प्रोलॉगमध्ये तो बऱ्यापैकी चाललेला दिसतो. पाच-सात हजार डॉलर खाली आलात की माणूस पुटपुटत का होईना, सही करतो. जीएमने कारप्ले काढून वर्गणीतून कमवायचं ठरवलं आणि त्यासाठी गाडीच्या किमतीत आधीच सूट मोजली, असंही याचं वाचन करता येईल. कंपनीचा हिशेब मात्र आतबट्ट्याचा झाला असं म्हणवत नाही: २०२५ च्या उत्तरार्धात ऑनस्टार आणि सुपर क्रूझ (स्टीअरिंगवरचे हात सोडू देणारी सोय) यांसारख्या सेवांचे आगाऊ आलेले, पण अजून उत्पन्नात न धरलेले पैसे पाच अब्ज डॉलरच्या घरात होते.

वाढलेलं ताट

जीएमची माणसं टेस्लाचा दाखला देतात. टेस्लात कारप्ले कधीच नव्हतं, कोणाचं अडलं? मुंबईत बीकेसीला जुलै २०२५ मध्ये टेस्लाचं शोरूम उघडलं, साठ लाखांच्या घरातल्या मॉडेल वायमध्येही नाही, आणि घेणारे घेतातच. पण टेस्लाच्या गिऱ्हाइकाला ते कधी मिळालंच नव्हतं. जीएमच्या गिऱ्हाइकाचं वाढलेलं ताट ओढून घेतलं. २०२३ मध्ये जीएमने अमेरिकेत शेव्हरोले बोल्ट या छोट्या इलेक्ट्रिक मॉडेलच्या ६२,००० गाड्या विकल्या, त्यांत कारप्ले होतं. तो बोल्टवाला पुढची गाडी घ्यायला त्याच डीलरकडे येतो तेव्हा त्याला नवीन, महाग गाडीत जुनीतली सोय सापडत नाही.

शिवाय त्या गाडीत ती बसूच शकत नाही असंही नाही. प्रोलॉगमध्ये गूगलची प्रणाली आणि कारप्ले दोन्ही सुखाने नांदतात. जीएमच्याच पेट्रोलच्या सिल्व्हेराडो पिकअपमध्येही दोन्ही आहेत. मिशिगनमधल्या एका डीलरने तर इलेक्ट्रिक शेव्हरोलेंना कारप्ले जोडून देणारं बाहेरचं किट बसवायला घेतलं होतं. २०२५ मध्ये जीएमने ते बंद करायला लावलं. आपल्याकडे बेस मॉडेल घेऊन ॲक्सेसरीच्या दुकानात अँड्रॉइड स्टिरिओ बसवणारे जे करतात तेच अमेरिकेत लोक करू लागले, आणि कंपनीला ते नको होतं.

आठ वर्षांच्या फुकट सेवेबद्दलही माझी शंका आहे. अमेरिकेतल्या रस्त्यावरच्या गाड्यांचं सरासरी वय साडेबारा वर्षांच्या आसपास आहे. म्हणजे गाडी सेकंडहँड विकली जाईल तेव्हा तिच्यातला मेंदू जुना आणि मोफत मुदत संपलेली. फोन माणूस तीन-चार वर्षांत बदलतो. २०१६ च्या गाडीतलं कारप्ले आजच्या फोनमुळे आजचं दिसतं. गाडीच्या प्रणालीला ही चैन नाही.

विश्वासाचा प्रश्न मार्च २०२४ मध्ये आणखी चिघळला. न्यू यॉर्क टाइम्सच्या बातम्यांतून कळलं की जीएम ग्राहकांच्या गाडी चालवण्याच्या सवयींची माहिती विमा कंपन्यांना पुरवठा करणाऱ्या संस्थांपर्यंत पोचवत होती: जोरात ब्रेक किती वेळा मारला, वेग कधी ओलांडला. ज्यांचा विमा महागला त्यांना का ते कळेना. जीएमने तो कार्यक्रम बंद केला. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने जानेवारी २०२५ मध्ये कारवाई जाहीर करून पाच वर्षांसाठी अशी माहिती त्या संस्थांना देण्यावर बंदी घालण्याचं ठरवलं. आता याच कंपनीने म्हणायचं की नकाशा, गाणी, निरोप सगळं फोनऐवजी आमच्या प्रणालीतून करा. लोक दचकले तर त्यांचं काय चुकलं?

पुढचा डाव

ऑक्टोबर २०२५ मध्ये जीएमच्या प्रमुख मेरी बारा यांनी एका मुलाखतीत सांगितलं की पुढे नवीन पेट्रोलच्या गाड्यांमधूनही कारप्ले जाईल, सगळ्या गाड्यांत एकच अनुभव असेल. आज रस्त्यावर असलेल्या गाड्यांमधलं काढणार नाही, हा खुलासा कंपनीने केला. २०२८ मध्ये जीएमच्याच कॅडिलॅक या महागड्या ब्रँडच्या एस्कलेड आयक्यू या इलेक्ट्रिक गाडीपासून नवं केंद्रीय संगणकाचं व्यासपीठ येणार आहे. दरम्यान जीएमने डिसेंबर २०२५ मध्ये काही गाड्यांत ॲपल म्युझिकचं स्वतंत्र ॲप आणलं, म्हणजे दार लावलं तरी खिडकी किलकिली ठेवली.

इलेक्ट्रिक गाड्यांवरचा प्रयोग जीएमला तसा स्वस्तात पडला. २०२४ मध्ये अमेरिकेत तिने सुमारे २७ लाख गाड्या विकल्या, त्यांतल्या इलेक्ट्रिक १ लाख १४ हजार. शंभरातल्या चार. चुकलं असतं तरी तोटा त्या चारांपुरता होता, आणि इलेक्ट्रिकला तेव्हा ७,५०० डॉलरच्या सरकारी करसवलतीचा टेकू होता. तो ३० सप्टेंबर २०२५ ला संपला.

पिकअपचं तसं नाही. जीएमचा नफा सिल्व्हेराडो आणि सिएरामध्ये आहे. ती घेणारा माणूस बहुधा बांधकामाचा ठेकेदार, प्लंबर, शेतकरी. दिवसातले दहा तास ती गाडीच त्याचं ऑफिस असते, आणि कामाचे सगळे फोन, पत्ते, निरोप फोनमध्ये असतात. त्याच्या गावात शेव्हरोलेच्या शोरूमपासून दोन सिग्नल पुढे फोर्डचं शोरूम आहे, तिथे फोर्डची पिकअप एफ-१५० उभी आहे, किमती जवळपास सारख्या, आणि तिला फोन जोडता येतो.